दारात थांबलेली इथुरा

बद्रीनाथबुवांनी चाळीस वर्षांत एकही आख्यान अर्धवट सोडलं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्यातली एकतीस वर्षं पेटीवर मीच होतो. खडकीच्या आमच्या वसाहतीतल्या राममंदिरात कीर्तनाच्या भर उत्तररंगात, ऐन आख्यानात, वीज गेली, तेव्हा बुवांनी समईच्या उजेडात कथा पुरी केली. अंगात ताप असताना केली. एकदा समोर दोनच श्रोते उरले, त्यातला एक भिंतीला टेकून घोरत होता, तरी केली.

"संपतराव," ते म्हणायचे, "माणसांना आपण घरातून उठवून कुठल्या कुठे नेलेलं असतं. त्यांना तिथेच सोडून चहा प्यायला निघून जायचं? हे काय माणसाचं काम झालं?"

आम्ही दोघं दारूगोळ्याच्या कारखान्यात एकाच खात्यात होतो. ते वर्ध्याहून आलेले, मी इथलाच. दिवसभर कारखाना आणि एकादशीला, रामनवमीला, कुणाकडे पूजा असेल त्या दिवशी कीर्तन. बुवा उभे राहिले की पहिल्या रांगेत उजवीकडे कौशल्यावहिनी, त्यांची पत्नी. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि घरी जाताना नवऱ्याला सांगायच्या, "आज रामाच्या नावेला वल्हीच दिली नाहीत तुम्ही. पैलतीराला गेली कशी?" बुवा रस्त्यात थांबून कपाळाला हात लावायचे. मला त्या दोघांच्या मागून पेटी घेऊन चालायला फार आवडायचं.

निवृत्तीनंतर बुवांनी हडपसरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मूलबाळ नव्हतं. वहिनींच्या बहिणीची मुलगी अपेक्षा यवतमाळहून शिकायला आली, वाघोलीच्या कॉलेजात शिकली आणि हडपसरलाच नोकरीला लागून यांच्याकडेच राहिली. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणारी कंपनी होती. खेळात जी राज्यं असतात, तिथले राजे, लढाया, शाप, वर, असं सगळं लिहायचं तिच्याकडे होतं.

२००८च्या जानेवारीत एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "काका, मला तुमच्याकडून एक देवी गाऊन हवी आहे."

"कुठली देवी?"

"कुठलीच नाही. म्हणजे मीच केली."

"तू केलीस? कधी?"

"गेल्या मंगळवारी."

वहिनी भाजी वाढता वाढता हसल्या. "वार मात्र बरा धरलास हो देवीचा."

अपेक्षाने समजावून सांगितलं. खेळातल्या त्या देशाला त्याचा स्वतःचा धर्म आहे. त्यात सात देव आहेत आणि सातवी ही इथुरा, मृत्यूची देवी. खेळात कुणी मरायला टेकलं की मागून तिचं गाणं यायला हवं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला सिनेमातला आवाज नको होता, म्हातारा आणि मुरलेला हवा होता.

"म्हातारा आहे," वहिनी म्हणाल्या. "मुरलाय का ते तुम्ही लोकांनी चाखून बघा."

तर आम्ही गेलो. काचेच्या इमारतीच्या दारात रखवालदाराने पेटी उघडायला लावली. "हे काय आहे?" "पेटी." "कसली पेटी?" "वाजवायची." त्याने वहीत लिहून घेतलं. कारखान्याच्या फाटकावर आयुष्यभर काडेपेटीसाठी खिसे तपासून घेतलेली आम्ही माणसं, आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

आत इमाद म्हणून एक मुलगा होता, आवाजाचं सगळं तो बघायचा. कॅम्पातला, आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याने बुवांना वाकून आदाब केला, खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, एकदम रिलॅक्स. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त हा धर्म मार्चपर्यंत डिलिव्हर करायचाय."

बुवा खुर्चीवर बसले नाहीत. कीर्तनकार उभाच राहतो. चिपळ्या हातात घेऊन ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नमन कुणाला करू?"

इमाद अपेक्षाकडे बघायला लागला.

"बरं, हिचं वाहन काय? नैवेद्य कसला? रागीट आहे की शांत?"

अपेक्षाने कागद पाहिला. "राखाडी वस्त्र. हातात न पेटवलेला दिवा. एवढंच आहे, काका."

"मारते कशी?"

"मारत नाही. येते आणि घेऊन जाते."

"आणि माणूस कामात असला तर?"

अपेक्षाने कागद उलटून पाहिला. इमाद म्हणाला, "एवढं तर क्लायंटनेपण विचारलं नव्हतं."

बुवांनी डोळे मिटले. मनातल्या मनात त्यांनी त्यांच्या रामरायाला नमस्कार केला, हे त्यांच्या हनुवटीवरून मला कळलं. मला सुराची खूण केली आणि गायला लागले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. गाण्यातून ते बोलण्यात उतरले आणि त्यांनी सरळ आख्यानच लावलं.

एका कुंभाराच्या दारात इथुरा आली. म्हणाली, चल. तो म्हणाला, आई, चाकावर माती आहे. त्यावर ती म्हणाली, मग होऊ दे. आणि दिवा मांडीवर ठेवून उंबऱ्यापाशी बसली. हातातलं काम अर्धं आहे त्याला ती उचलत नाही, तिचा तसा नेम आहे. कुंभाराने मडकं वर ओढलं, गळ्यापर्यंत आणलं आणि तळहाताने दाबून पुन्हा गोळा केला. तिने पाहिलं आणि तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. उन्हं वर आली, उन्हं उतरली, चाक फिरतंय आणि मृत्यू दारात बसलाय. अखेरीस एक दिवस त्यालाच वाटलं, पुरे. त्याने मडकं पुरं केलं, दोऱ्याने कापून उतरवलं, सावलीत ठेवलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाला, चल आई.

हा नेम, हा कुंभार, हे उंबऱ्यापाशी बसणं, सगळं बुवांनी माझ्यादेखत उभ्याउभ्या रचलं. मी पेटीवर होतो. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आलं.

इमादने कानावरचं काढलं. "काका," तो म्हणाला, "तुम्ही तर तिला आमच्यापेक्षा जास्त ओळखता."

चाळीस मिनिटांतली दोन त्यांनी ठेवली. दिवाळीच्या सुमारास मंदी आली आणि गिऱ्हाइकाने तो खेळच बंद केला. अपेक्षाला कुठल्याशा बँकेचे फॉर्म तयार करायच्या कामावर बसवलं.

"मग त्या देवीचं काय?" बुवांनी विचारलं.

"काही नाही काका. एका फोल्डरमध्ये पडली असेल."

"विसर्जन नाही, काही नाही?"

"सर्व्हर बंद केला की झालं."

बुवांना ते रुचलं नाही. पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता, कारण वहिनींच्या पोटात दुखायला लागलं होतं. आधी पित्त म्हणून काढा झाला, मग गोळ्या, मग तपासण्या. डिसेंबरात मोठ्या डॉक्टरांनी बुवांना आणि मला बाहेर बोलावलं. आजार स्वादुपिंडातून यकृतात पसरला होता. "घरी न्या," ते म्हणाले. "आवडेल ते खायला द्या. दुखण्यासाठी औषध लिहून देतो." बुवांनी विचारलं, "आणि बरं होण्यासाठी?" डॉक्टर चांगले होते. त्यांनी बुवांच्या खांद्यावर हात ठेवला.

वहिनींचा पलंग बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावला. त्यांना जिन्यातली ये-जा दिसायला हवी होती. तिसऱ्या दिवशी बुवांचा फोन आला. "संपतराव, उद्यापासून चार वाजता पेटी घेऊन या. हिला रोज थोडं ऐकवावं म्हणतो."

खडकीहून हडपसर म्हणजे दोन बस आणि मांडीवर पेटी. मी गेलो. मला वाटलं होतं रामकथा असेल. बुवा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, नमन झालं, आणि म्हणाले, "एका गावात एक कुंभार होता."

माझा हात भात्यावर तसाच राहिला.

पहिले काही दिवस फार गोड गेले, ते नाकारता येणार नाही. बुवांनी त्या कुंभाराचं गाव उभं केलं. त्याचं गाढव, त्याची तोंडाळ शेजारीण, माती आणायचं तळं. खालच्या मजल्यावरच्या नंदाताईंनी पहिल्या दिवशी वर येऊन ऐकवलं, "चार ते पाच या वेळात माणसं झोपतात या सोसायटीत. कीर्तन करायचं तर दार लावून करा." दुसऱ्या दिवशी त्याच पाट घेऊन दारात बसल्या. वहिनी उशीला टेकून हसायच्या, मधेच दुरुस्ती करायच्या. "कच्च्या मातीत बोट घालून पाणी किती ते बघतात, काडी नाही घालत. आमच्या वर्ध्यात मी पाहिलंय." बुवा लगेच कुंभाराच्या हातातली काडी काढून घ्यायचे.

आणि रोज पाच वाजता मडकं गळ्यापर्यंत यायचं, कुंभाराचा तळहात खाली यायचा, मातीचा गोळा व्हायचा. "राहिलेलं उद्या," बुवा म्हणायचे आणि चिपळ्या खाली ठेवायचे. आरती नाही, बुक्का नाही.

आठव्या दिवशी जिन्यात मी त्यांना धरलं. "बुवा, हे तुम्ही काय चालवलंय?"

"काय चालवलंय?"

"शेवट मला ठाऊक आहे. मी पेटीवर होतो."

"मग तोंड मिटून वाजवा," ते म्हणाले. एकतीस वर्षांत मला असं कधी बोलले नव्हते. लगेच त्यांनी माझा हात धरला. "संपतराव, ती बसली आहे ना दारात? बसू द्या. आपण कुणाचं काय घेतलंय?"

अपेक्षाने तर सरळ तोंडावर सांगितलं. स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात, मी मागे पाणी पीत उभा होतो.

"काका, ती देवी मी ऑफिसात बसून लिहिली. लंचच्या आधी. नावपण असंच सुचलं, त्याला काही अर्थ नाही."

"नाव तू दिलंस. दारात बसवली मी."

"म्हणूनच सांगते ना! ती नाहीये. काऊन तुम्ही असं करता? इतकी वर्षं रामाचं केलंत, त्याच्याकडे मागा."

"मागितलं ना," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पहिल्या दिवशीच मागितलं. त्याने ऐकलंही असेल. पण थांबतो असं काही तो म्हणाला नाही, अपेक्षा. ही थांबते."

"तुम्ही थांब म्हणालात म्हणून थांबते!"

"हो," बुवा म्हणाले. "म्हणून तर उद्याही म्हणायचंय."

त्या मुलीने ओट्यावर डोकं टेकवलं. बुवांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि वहिनींसाठी मऊ भात कालवायला घेतला. मी ग्लास हातात धरून उभा होतो. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांपैकी कुणालाही मी काही देऊ शकत नव्हतो. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, न जाणो. इतक्या वर्षांचा इतका चांगला माणूस, त्याच्या तोंडून निघालेलं रामाने चालवून घेतलं तर? पेटी वाजवताना मीही एकदोनदा दाराकडे पाहिलं होतं.

जानेवारी लागला तसं वहिनींचं हसणं थांबलं. औषधाचं अंतर चार तासांवरून तीनवर आलं, तीनवरून दोनवर. अंगावरची चादर जड व्हायची. उशीवर डोकं ठेवलं तरी दुखायचं. बुवांनी कुंभाराला आजारी पाडलं, मग बरं केलं, चाकाचा खुंटा मोडला, सुतार बोलावला. सुताराची गोष्ट दोन दिवस चालली. त्यांचा आवाज बसला होता. नंदाताई येईनाशा झाल्या. "मला बघवत नाही हो," जिन्यात म्हणाल्या. "ती बिचारी ऐकतेय की सोसतेय तेच कळत नाही."

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. सुताराने खुंटा ठोकला, चाक पुन्हा फिरलं, मडकं वर आलं, गळ्यापर्यंत आलं. बुवांचा तळहात हवेत वर गेला.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

बुवा थांबले.

"त्या माणसाला उतरवू द्या की मडकं."

"उद्या," बुवा म्हणाले. "उद्या बघू."

"तिला तरी किती वेळ बसवाल बाहेर." मग त्या माझ्याकडे वळल्या. मान वळवायलाही त्यांना वेळ लागला. "भाऊजी, शेवट काय आहे याचा? तुम्हाला ठाऊक असेल."

मी पेटीकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्या बाईने मला कधी काही मागितलं नव्हतं. चहा, पोहे, घरी निघताना डबा, सगळं त्यांच्याकडूनच माझ्याकडे आलेलं. आणि आता एवढंसं विचारत होत्या. बुवा माझ्याकडे बघत होते. सांगू नका, असं तोंडाने म्हणत नव्हते, पण सगळा चेहरा तेच म्हणत होता.

"बुवाच सांगतील, वहिनी," मी म्हणालो. माझ्याच्याने तेवढंच झालं.

"अहो, लई दुखतं," वहिनी म्हणाल्या. लहान मुलीने सांगावं तसं. "मला आता नाही होत. संपवा ना."

बुवांनी उपरण्याने तोंड पुसलं, मला सुराची खूण केली. मी भाता ओढला. त्यांनी उत्तररंगाचा शेवट गातात त्या चालीत सुरू केलं, आणि देवाशप्पथ, बसलेला आवाज मोकळा झाला. मडकं पुरं झालं. त्याच्या काठावरून कुंभाराने ओला फडका फिरवला. दोऱ्याने कापून उतरवलं. सावलीत ठेवलं. चाक थांबेपर्यंत तो बघत राहिला. कोपरापर्यंत हात धुतले. घराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "चल आई, फार वेळ बसवली तुला."

अपेक्षा आतून येऊन भिंतीला टेकली होती. बुवांनी आरती म्हटली, एकट्याने, मला सूर धरता येत नव्हता. मग डबीतून बुक्का घेऊन ते पलंगापाशी गेले, वहिनींच्या कपाळाला लावला, आणि कीर्तन संपल्यावर कीर्तनकाराच्या पाया पडतात तसे तेच वहिनींच्या पायांवर वाकले. वहिनींनी डोळे मिटून घेतले. चेहरा निवल्यासारखा झाला. बुवा उठले, दारापाशी गेले आणि दार पूर्ण उघडून बाजूला उभे राहिले. पाहुण्याला आत येताना वाट द्यावी तसे.

आम्ही तिघं थांबलो.

जिन्यातून कुकरचा वास येत होता. वरच्या मजल्यावरून शंभू नावाचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन उतरला, उघड्या दारातून आत बघून त्याने मान लववली आणि पुढे गेला. वहिनींचा श्वास चालू होता. पाच वाजून गेले, साडेपाच झाले. बुवा दार धरून उभेच. सहाला वहिनींनी डोळे उघडले.

"झालं?"

"झालं," बुवा म्हणाले.

"छान झालं." मग थोड्या वेळाने त्यांनी छताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा दुखण्याने आवळला. "पण मी आहेच की अजून."

बुवांनी दाराबाहेर पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं. त्यांनी जिन्याच्या वरच्या बाजूला पाहिलं, खालच्या बाजूला पाहिलं. त्यानंतर त्यांनी दार लोटलं ते इतकं हळू, की कडीचासुद्धा आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चारला मी पेटी न घेता गेलो. बुवा पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते, चिपळ्या मांडीवर होत्या. वहिनी कण्हत होत्या. औषध दिलेलं होतं, पुढच्या औषधाला अजून तास होता.

"सांगू का काही?" बुवांनी त्यांना विचारलं. "रामाचं सांगू? की नुसतं नाम घेऊ?"

वहिनींनी मान हलवली, नको.

"मग मी काय करू, सांग ना. काय करू मी?"

त्या बोलायला बघत होत्या, ओठ हलत होते. आम्ही दोघंही वाकलो.

"कुशीवर करा," त्या म्हणाल्या.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. त्यांनी खांद्याखाली हात घातला, मी गुडघ्यांखाली. आम्हा दोघांनाही त्यातलं काही येत नव्हतं. आमचा मेळ जमला नाही, मी आधी उचललं, त्या ओरडल्या, आम्ही पुन्हा खाली ठेवलं. बुवांच्या कपाळावर घाम आला होता.

"थांब हं," ते म्हणत होते, "थांब, थांब, पुन्हा करतो. संपतराव, मी तीन म्हटल्यावर."